तुझाही हात यात आहे

"आंटी, वास पार जिन्यापर्यंत आलाय," म्हणत गेथिन स्वयंपाकघरात डोकावला. सेर्वाने भाताचा पहिला गोळा नुकताच शेंगदाण्याच्या रश्श्यात बुडवला होता. समोर तिची लेक अडोमा, दोघींच्या मध्ये एकच मोठा वाडगा. सेर्वाच्या तोंडून शब्द निसटले, "ये, तुझाही हात यात आहे."

घानात, तिच्या कुमासीत, हे शब्द असेच निसटतात. जेवणाऱ्याने असं 'तूही जेव' म्हणून बोलवायचं आणि येणाऱ्याने 'सावकाश जेवा' म्हणून पुढे जायचं, अशी तिकडची रीत. ज्याच्याशी कालच कडाकडा भांडण झालं त्या शेजाऱ्यालाही असंच बोलावतात, आणि तोही शहाणा असतो, येत नाही. पण हे पडलं इंग्लंडमधलं हल शहर, अडोमाचं विद्यार्थ्यांचं सामायिक घर, आणि तिथेच राहणारा गेथिन वेल्समधल्या खेड्यातला. त्याने पडत्या फळाची आज्ञा मानली, हात धुतले आणि खुर्ची ओढली. त्याच्यामागून वरच्या खोलीतली रोवेना आली. मग तिचाही हात यात होता.

"आई, तू बोलावत जाणार आणि ते बसत जाणार," अडोमा पोट धरून हसली. "चार दिवस झाले, तुला कळत कसं नाही?"

कळत होतं. पण पन्नास वर्षांची जीभ चार दिवसांत वळत नाही.

सेर्वा काही इंग्लंड बघायला आली नव्हती. तिचा भाऊ ज्यासी दीड महिन्यापूर्वी गेला. अडोमाचा मामा. बाप गेल्यावर पोरीला ज्याने वाढवलं आणि विमानतळावर चारचौघांत ढसाढसा रडून तिला लाजवलं, तो. घरच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं, की पोरीची परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, आणि फोनवर तर नाहीच नाही. आईने जावं, जवळ बसावं, सांगावं, आणि अंत्यविधीला, तिकडे तो महिना-दोन महिन्यांनीच होतो, तिला घेऊनच यावं. म्हणून परीक्षा संपताच सेर्वा आली. बॅगेच्या तळाशी दुखवट्याचं काळं-तांबडं कापड, वर पिवळे-निळे झगे.

पण सांगायला पोर एकटी सापडली तर ना! सकाळी समुद्र, दुपारी तो लांबलचक पूल, संध्याकाळी मित्रमंडळी. पोरगी आनंदाने नुसती फुलली होती. ज्याला त्याला सांगत होती, "ही माझी आई. माझ्यासाठी एवढ्या लांब आली." आणि सेर्वा हसून मान डोलवत होती. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते. पायात गोळे येत होते, डोळे चुरचुरत होते, रात्री लेकीच्या अरुंद पलंगावर तिच्याशेजारी पडून ती छताकडे बघत राहायची. झोपलेल्या पोरीला उठवून असं कसं सांगायचं?

उद्या दोघींनी निघायचं होतं. 'सुट्टीला घरी चल' एवढंच अडोमाला माहीत होतं. संध्याकाळी सेर्वाने उरलेला रस्सा गरम केला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"आज आपण दोघीच जेवू."

"दोघीच? गेथिन रुसेल हं."

"रुसू दे."

अडोमाने बोटं हात धुवायच्या वाडग्यातल्या पाण्यात बुचकळली. "मामाला फोन लावू या का? जळेल नुसता, त्याच्या आवडीचा रस्सा बघून."

"त्याचा फोन बिघडलाय. सांगितलं ना."

"अजून? दगडावर आपट म्हणावं. आपला रेडिओ तो तसाच सुरू करायचा."

सेर्वाने घास उचलला, पण तो तोंडापर्यंत गेलाच नाही. आता, ती मनाशी म्हणाली. हा घास खाली ठेवायचा आणि सांगायचं. ज्यासी, दादा, तूच सांग रे बाबा, सुरुवात कुठून करू?

दार उघडलं. गेथिन दूध घ्यायला आला होता. फ्रिजपाशी जाता जाता तो सवयीने थांबला आणि वाट पाहत उभा राहिला. सेर्वा वाडग्याकडे बघत बसली.

"काय आंटी, आज माझा हात नाही वाटतं यात?"

सेर्वाने हातातला घास परत वाडग्यात ठेवला.

"आई, बोलाव ना गं त्याला," अडोमा हसत म्हणाली. "तोंड बघ कसं झालंय बिचाऱ्याचं."

सेर्वाने मान वर केली नाही. अडोमाचं हसू हळूहळू ओसरलं. आईने जेवताना दारातल्या माणसाला बोलावलं नाही, असं तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. बाबा गेले त्या दिवशी.

तिने रश्श्यातला हात बाहेर काढला.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "मामाचा फोन खरंच बिघडलाय का?"

सेर्वाने पाण्याचा वाडगा जवळ ओढला. लेकीचा हात हातात घेतला आणि, लहानपणी धुवायची तशी, तिची बोटं एकेक करून धुवायला लागली. सेर्वाच्या डोळ्यांतलं पाणीही त्याच वाडग्यात पडत होतं. अडोमाने हात सोडवून घेतला नाही.

गेथिन दुधाची बाटली धरून तसाच उभा होता. मग त्याने ती ओट्यावर ठेवली, खुर्ची ओढली आणि, कुणी बोलावलं नव्हतं तरी, अडोमाच्या शेजारी येऊन बसला.