काटा शून्यावर

उस्तादांनी मीटरच्या दोन्ही वायरी बॅटरीला लावल्या. काटा जागचा हलला नाही.

“मेलीय ही, बाई. मेलेलं खाली सोडायला माझी विंच नाही.”

खोदकामावरची माणसं हसली. मागे शेडच्या दारावर खडूच्या चार फुल्या होत्या. उष्णता मोजणारी चार यंत्रं जमिनीतल्या या खोल भोकात उतरली आणि चारही यंत्रांच्या बॅटऱ्या तळ गाठायच्या आत उष्णतेने गेल्या. तळाशी दोनशे अंशांपेक्षा जास्त उष्णता आहे हे आज कळलं, तर इथे वीजघर होणार. नाहीतर उद्या सकाळी भोकात सिमेंट आणि सगळ्यांचा गाशा गुंडाळलेला.

इंजिनीअर बाईच्या हातात लेकीचं जुनं दुपटं होतं. बॅटरी त्यातच गुंडाळून आणली होती.

“मेली नाही, झोपलीय. हिच्या पोटातले क्षार गोठलेत. खाली उकडलं की वितळतील, मग उठेल.”

“आणि नाही उठली तर?”

“उस्ताद, त्या चार बॅटऱ्या खाली सोडण्याआधी काटा कसा होता?”

“नाचत होता.”  मग उस्तादांनी तार सोडणाऱ्या विंचचा दांडा ओढला.

यंत्र नुसत्या तारेवर तीन किलोमीटर खाली गेलं. वर येईपर्यंत काही कळायची सोय नव्हती. पाच तास. बाईने दोनदा घरी फोन केला.

“जेवली का?”

“जेवली, खेळतेय. तू तुझं बघ,” आई म्हणाली.

यंत्र वर आलं ते थंड होऊनच. उस्तादांनी मीटर लावला. शून्य. त्यांचा हात खिशातल्या खडूकडे गेला.

“थांबा हो जरा!”

तिने यंत्राची वायर लॅपटॉपला जोडली. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली. पडदा कोरा. मग पहिला आकडा: एकशे दहा.

“इथे उठली,” ती पुटपुटली.

एकशे चाळीस. एकशे साठ. चारही फुल्या इथल्याच, आधीची यंत्रं याच्या पुढे गेलीच नव्हती. उस्ताद तिच्या खांद्यावरून वाकले. एकशे ऐंशी. दोनशे. दोनशे बारा. आणि तळाशी तासभर, न हलता, दोनशे बारा.

कुणीतरी हेल्मेट उडवलं. कुणी शिट्टी मारली. सिमेंटवाल्याला नको म्हणून सांगायला दोघं एकदमच धावले. बाई हसत होती आणि दंडाने डोळे पुसत होती.

उस्तादांनी खडू खिशात परत टाकला. बॅटरी यंत्रातून काढून दोन्ही हातांनी दुपट्यावर ठेवली, कडा दुमडल्या.

“ए, ओरडू नका रे,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “झोपलीय ती.”