कोरी डिस्क

“नुसतं डिलीट करू नका,” मॅडम म्हणाल्या. “हा कॉम्प्युटर सोमवारी शाळेला द्यायचाय. उद्या कुणी खटपट करून यातली पेशंटची नावं बाहेर काढली तर?”

“नाही निघणार,” केसरीनाथ म्हणाला.

हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. फाईल डिलीट केली की यादीतून फक्त तिचं नाव जातं, मजकूर जागच्या जागी पडून राहतो. तो खरोखर घालवायचा तर सगळ्या डिस्कवर टोकापासून टोकापर्यंत शून्यं लिहावी लागतात. एकदा नाही, तीनदा. त्यानं फ्लॉपी घातली आणि प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर ‘१ टक्का’ उमटलं.

मॅडमची रक्त तपासणीची लॅब होती. सत्त्याण्णव साली भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे मोजकेच होते, आणि मॅडम फक्त केसरीनाथला बोलवायच्या. मशीन त्याच्या हवाली करून बिनघोर आत निघून जायच्या. अलीकडे ते त्याला सोसत नव्हतं.

गेल्या वर्षी हीच मशीन बंद पडली होती. डिस्क तपासताना, छापून झाल्यावर पुसलेल्या काही फायली वर आल्या. नीट निघाल्यात का बघावं म्हणून त्यानं एक उघडली. एड्सच्या तपासणीची यादी होती. तिथंच बंद करायला हवी होती. पण नजर खाली सरकत गेली आणि एका ओळीवर थांबली. कमळा चांगदेव जाधव, वय बावीस, वडपे. पुढच्या रकान्यात ‘पॉझिटिव्ह’.

त्याच्या धाकट्या भावाचा, सोमाचा, कमळाशी साखरपुडा झाला होता. सोमा वडप्याला एका ट्रान्सपोर्टमध्ये टेम्पो चालवायचा. त्याआधीच्या वर्षी टेम्पो उलटला आणि रक्ताच्या बाटल्या चढवल्यावर तो मरणाच्या दारातून परत आला. महिनाभरानं हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा त्यानं सगळ्यांत आधी कमळाचं नाव घेतलं होतं.

यादीतलं घरी सांगावं तर मॅडमशी बेइमानी. न सांगावं तर भाऊ जिवाला मुकणार. केसरीनाथनं मधला रस्ता काढला. आईला म्हणाला, “पोरीबद्दल काही बरं ऐकलं नाही. राहू दे ते लग्न.”

काय ऐकलं, कुणाकडून, ते त्यानं सांगितलं नाही. आईनं समजायचं ते समजून घेतलं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, वडप्याला निरोप गेला, आणि आठवड्याभरात तिथल्या बाया नळावर तेच बोलायला लागल्या. कमळाचे वडील चांगदेवमामा टेमघरला केसरीनाथच्या घरी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, “माझ्या लेकीचं काय चुकलं, येवढं तरी सांगा.” केसरीनाथ आतल्या खोलीत एका जुन्या कीबोर्डवरची धूळ झाडत बसून राहिला. मामा गेल्यावरही बराच वेळ झाडत होता.

सोमा दोन दिवस जेवला नाही. भांडला मात्र नाही. चार महिन्यांत अंबाडीच्या बकुळाशी त्याचं लग्न झालं. आता बकुळाला सातवा महिना होता.

कमळाला मात्र त्यानंतर एकही स्थळ आलं नाही.

तिसरी फेरी दुपारी तीनला संपली. मॅडम चहा घेऊन आल्या.

“मॅडम, गेल्या वर्षी मी...” केसरीनाथ म्हणाला.

“काय?”

“काही नाही. आता यात काहीही उरलेलं नाही.”

तो घरी गेला नाही. नाक्यावरून रिक्षा करून वडप्याला गेला. कमळा ओटीवर शिलाई मशीनवर बसली होती. त्याला बघून ती उठली.

“जय भीम, भाऊ. बाबा न्हायत घरात.”

“तुझ्याकडेच आलोय.”

तिनं स्टूल पुढं केलं. तो बसला नाही. जमिनीकडे बघत एका दमात बोलला. “तुझं लग्न मी मोडलं. लॅबच्या कॉम्प्युटरवर तुझा रिपोर्ट बघितला. तो बघणं माझं काम नव्हतं. बघितला तर बघितला, पण खरं दडवायला तुझ्या नावाला बट्टा लावला. आज ते सगळं मी माझ्या हातानं पुसून आलोय. आता ते कुणालाच कळणार नाही. मुंबईला मोठ्या दवाखान्यात तुला मी घेऊन जातो. औषधाचं बघू. मला माफ नको करूस, पण येवढं करू दे.”

शिवायला घेतलेला ब्लाऊज कमळानं मशीनवरून काढून हातात घेतला.

“कसला रिपोर्ट, भाऊ?”

“त्या... रक्ताच्या तपासणीचा.”

“काय आलं व्हतं त्यात?”

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. “तुला ठाऊक नाही?”

“रिपोर्ट आनाया कुनी ग्येलंच न्हाय. सोमवारी जायचं व्हतं. रविवारी तुमचा निरोप आला. मंग कशाला जायाचं?”

“चांगला नव्हता,” तो कसंबसं म्हणाला.

ती खाली बसली. तिनं विचारलं, “घरात कुनाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही. सोमालाही नाही. शप्पथ.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केसरीनाथला वाटलं, ती स्वतःसाठी रडतेय.

“मी तिथं रक्त दिलंच न्हाय, भाऊ.”

“अगं, तुझंच नाव होतं. वय, गाव, वडिलांचं नाव, सगळं.”

“वळखीच्या डाक्टरनं रक्त काढून लॅबला धाडलं, नाव माझंच लिवलं,” कमळा म्हणाली. “सोमाला सोताचं लिवाया लाज वाटत व्हती.”