आमच्याकडे असलं कोणी नाही

"दादा, तुम्हाला कधी पोलिसांनी पकडलंय का हो?"

वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून गंगापूर रोडच्या ब्रूपबमध्ये बिअर कशी बनते ते दाखवणाऱ्या दादाला मी हे विचारलंच! मागच्या वर्षीपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, पण आता मी दहावीत आहे.

"नाही गं ताई, आपल्याकडे लायसन्स आहे," तो हसला. सगळ्यात मोठ्याने पप्पा हसले. त्यांच्या प्रमोशनची पार्टी होती आणि अंबडच्या कंपनीतले त्यांचे साहेबही सोबत होते.

चकचकीत टाक्यांपुढे सेल्फी झाले. दादा सांगत होता, "भिजवायचं, आंबवायचं, वाट बघायची. कलाच आहे ही. पूर्वी घरोघरी बायकाच करायच्या." पप्पांनी टाळ्या वाजवल्या.

"दिनेश, तुम्ही तर हरसूलकडचे," साहेब म्हणाले. "तिकडे मोहाची काढतात ना? तुमच्या घरी कोणी काढायचं का?"

"छे हो सर, आमच्याकडे असलं कोणी नाही," म्हणत पप्पांनी ग्लास उचलला. आई मेनूकार्डात बघत राहिली.

घरी जाताना गाडीत मी दोघांना सांगून टाकलं,



"दिवाळीच्या सुट्टीत मी हरसूलला जातेय. भट्टी फोडून पोलिसांनी आजीला नेलं, तेव्हापासून तुम्ही तिचं तोंड बघितलेलं नाही पप्पा. निदान तिला सांगून तरी येते, की आज तुझ्या मुलाने तुझ्या कलेला टाळ्या वाजवल्या."