शिवी काढायची अट

ऑनलाइन तक्रारीत शिवी सापडली की कॉम्प्युटर ती अडवायचा आणि नगरपालिकेच्या पाणीखात्यातल्या शैला धामणकरकडे पाठवायचा. तिने फोन करून शिवी काढून घ्यायची आणि तक्रार थेट साहेबांपुढे ठेवायची. सभ्य तक्रारी आपोआप खात्यात जमा व्हायच्या आणि जमाच राहायच्या.

आजच्या शिवीखालचं नाव तिने दोनदा वाचलं. सुमती निमकर. शाळेतल्या मराठीच्या बाई.

"बाई, मी शैला. तुमच्या तक्रारीत चुकून एक शब्द गेलाय."

"चुकून नाही. शेजारच्या रिक्षावाल्याला विचारून घातलाय. शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

"अहो, पण तुम्ही आणि शिवी?"

"नळाला गटाराचं पाणी येतंय. आमचे हे काविळीनं झोपलेत. महिनाभर 'कृपया' लिहिलं, कुणी विचारलं नाही. रिक्षावाला म्हणाला, शिवी घाला, लगेच फोन येतो."

शैलाने नियमाप्रमाणे विचारलं, "मग आता काढताय ना, बाई?"

"काढते की. आधी पाणी स्वच्छ येऊ दे. त्याने आणखी चार लिहून दिल्यात, त्या अजून वापरल्या नाहीत."