झेलमवर राज्य

झेलमची उशी झोपेतच सगळे धडे तिच्या डोक्यात भरायची. धडपडत शिकणं तिला ठाऊकच नव्हतं. ती नुकतीच राहायला आलेल्या नव्या वसाहतीत मुलं पकडापकडी खेळत होती.

"मलाही घ्या ना! पण शिकवणार कोण?"

"पकडापकडी काय शिकवायची?" राज्य असलेली सलमा हसली. "तू कच्चा लिंबू. तुझ्यावर राज्य नाही."

झेलम सारखी सलमाच्या हाती लागे, पण कुणी मोजतच नव्हतं. तिला ते फार लागलं. मग ती निरखू लागली. वळण्याआधी सलमा त्या बाजूला मान झुकवते! पुढच्या वेळी झेलम तिच्या हातून निसटली.

"अगं बाई, ही तर पक्की झाली!" म्हणत सलमाने धावून तिला पकडलंच. "आता घे राज्य!"

संध्याकाळी झेलम नाचत घरी आली. "आई, माझ्यावर राज्य आलं!"

"हा धडा उशीत कधी आला?"

"आलाच नाही!"