तीन कंपन्यांचे तीन फोन

मागच्या पुरात नेमकी फोनची रेंज गेली आणि धरणाचा निरोप गावात पोचलाच नाही. तेव्हापासून गोदावरीकाठचा कोतवाल गुरुलिंग तीन कंपन्यांचे तीन फोन गळ्यात अडकवून फिरायचा. धरणाची दारं उघडणार असा फोन आला, की गावात दवंडी द्यायची, हे त्याचं काम.

वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस कोसळत होता. इकडं मात्र लख्ख ऊन. नदीलगतच्या गल्लीतली साबेराबी तिसऱ्यांदा विचारायला आली, "मामा, लेकरायला घेऊन शाळंत जाऊन बसू का?"

"कायला भेतीस? एक कंपनी बंद पडंल, दोन पडतील. तिन्ही एकदम कशा पडतील? फोन न्हाई म्हंजी पाणी न्हाई. जा, भाकरी टाक."

ती गेली. तरी सहज म्हणून त्यानं धरणावर फोन लावला. पहिल्यावरून लागेना. दुसऱ्यावरूनही लागेना. तिसराही मुकाच निघाला, तसा तो पारावर चढला आणि त्यानं नदीकडं बघितलं.

 

ज्या एकाच टॉवरवर तिन्ही कंपन्यांच्या छत्र्या होत्या, तो कंबरभर पाण्यात उभा होता.