कासवाचा आवाज

ऐन प्रयोगात कासवाचा आवाज सुटला.

वाचनालयाच्या तळघरातलं सभागृह मुलांनी आणि पालकांनी भरलं होतं. भिंतीवर 'मुलांचं मन : बोलूया, ऐकूया' असा फलक लावला होता. त्याच्याखाली कमरेएवढा काळा पडदा, आणि पडद्याच्या वर हत्ती आणि कासव, दोन हातबाहुल्या, समोरासमोर. पडद्यामागे बाप आणि लेक खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर बसले होते. बापाच्या उजव्या हातात हत्ती, लेकीच्या डाव्या हातात कासव. बराच वेळ हात वर धरून दोघांचीही बोटं गार पडली होती.

हत्तीने ठरल्याप्रमाणे विचारलं, "कासवा, कासवा, आज शाळेत का नाही गेलास?"

यावर कासवाने बारीक, चिरक्या आवाजात 'पोट दुखतंय' म्हणायचं. मग हत्तीने विचारायचं, 'पोट दुखतंय, की मन?' आणि तिथून सगळं मार्गाला लागायचं. खेळ बापानेच लिहिलेला. शाळांत, दवाखान्यांत, वसाहतींत इतक्यांदा झाला होता, की लेकीला झोपेतून उठवलं असतं तरी तिने तो म्हणून दाखवला असता.

कासव म्हणालं, "सकाळ झाली की नकोसं वाटतं. उठूच नये असं वाटतं."

आणि ते कासवाच्या आवाजात नव्हतं. तो बारा वर्षांच्या मुलीचा आवाज होता, साधा, सपाट.

बाहुलीच्या तोंडून बाहुलीवाल्याचा खरा आवाज बाहेर पडला, की त्याला ते दोघं आवाज सुटणं म्हणत. यापेक्षा मोठी चूक त्यांच्या धंद्यात नव्हती. एकदा आवाज सुटला, की समोरच्या पोरांना बाहुली दिसेनाशी होते आणि आतला हात दिसायला लागतो. अशा वेळी विचार करत बसायचं नसतं. बापाने सवयीने हत्तीचे कान फडफडवले.

"काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल रे बाबा. कान सुपाएवढे आहेत, पण मळही तेवढाच आहे."

सभागृह खो खो हसलं. पुढच्या रांगेतला एक लहानगा तर हसता हसता आडवाच झाला.

कासवाने मान आत घेतली. मग चिरक्या आवाजात म्हणालं, "पोट दुखतंय."

गाडी रुळावर आली. हत्तीने विचारलं, कासवाने सांगितलं, हत्तीने ऐकून घेतलं. शेवटी कासवाने ऐटीत मान बाहेर काढून आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, "बोललं आणि पाठ हलकी झाली!" आणि नेहमीसारखंच सगळ्या मुलांनी ते त्याच्यामागून ओरडून म्हटलं.

टाळ्या थांबायच्या आत कार्यक्रम ठेवणाऱ्या समुपदेशक बाई पडद्यामागे आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. दिवसभर मुलांशीच बोलते, म्हणाल्या, पण ते सकाळचं वाक्य ऐकलं आणि काळजात काहीतरी हललं.

"मुलं अगदी असंच सांगतात हो, जाता जाता. हे नवीन घातलंत ना तुम्ही?"

बापाने लेकीकडे पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला, "आजच सुचलं."

ते आता काढू नका, पुढच्या कार्यक्रमांतही हवंच, असं बजावून बाई गेल्या. बाप खुशीत होता. हत्तीला जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळता गुंडाळता तो लेकीला म्हणाला, की आज नाक कापलं जायचं ते हत्तीच्या सोंडेने वाचवलं. वाक्य मात्र चांगलं आहे, ते ठेवू.

"फक्त कासवाच्या आवाजात म्हण, ठके. आवाज तेवढा सोडू नकोस."

"बरं," लेक म्हणाली.

ती भिंतीपाशी उभी राहून पडद्याची दोरी गुंडाळत होती. कासव दे, असं म्हणत त्याने पेटीजवळून हात पुढे केला. कासव आलं नाही. त्याने वर पाहिलं. लेक दोरी एकाच हाताने, मांडीवर दाबून गुंडाळत होती. डाव्या हातात कासव तसंच होतं. खेळ संपला की आधी बाहुली उतरवायची, नाहीतर घामाने कापड कुजतं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि ती कधी विसरत नसे.

त्याला एकदम सकाळ आठवली. आजची, आणि त्याआधीच्याही. भिंतीकडे तोंड करून पडलेली ती, आणि दारातून त्याचं रोजचं, "उठा, कासवराव." परवा ती म्हणाली होती, पोट दुखतंय. त्याने गोळी दिली होती.

हत्ती खाली ठेवून तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, पडद्यामागे बसायचा तसाच.

"ठके, मघाचं ते..." त्याला खेळातले सोडून दुसरे शब्द सुचेचनात. "सांग ना, बाळा. मी ऐकतोय."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात दोघांच्या चेहऱ्यांच्या मधे धरला. कासवाने हळूच मान बाहेर काढली.

"बोललं आणि पाठ हलकी झाली," कासव म्हणालं.

आवाज या वेळी जराही सुटला नाही.